बाकी एक

"सर, तुमच्या संख्येला भाग जातोय," डार्ला फोनवर म्हणाली, आणि आर्वो कांगासच्या हातातलं उकडलेलं अंडं अर्धं सोललेलं तसंच राहिलं. डार्ला म्हणजे थडग्यांचे दगड घडवणाऱ्या कारागिराची मुलगी. कारागीर एके काळी आर्वोच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसून गणितात जेमतेम पास झाला होता, आणि म्हणूनच की काय, दगडावर आकडे कोरायचे म्हटलं की त्याचा जीव खालीवर व्हायचा. त्याच्याकडे प्रत्येक आकडा दोनदा, दोन वेगवेगळ्या रीतींनी तपासायचा नियम होता. "मी फक्त ताडून बघायला म्हणून मोबाइलमध्ये टाकला हो, तर त्याने खाली आपणहूनच लिहिलं. तीनशे सात गुणिले सहाशे तेरा गुणिले नऊशे एकोणीस. म्हटलं, एखादा आकडा इकडचा तिकडे झाला असेल. बाबा म्हणतात, सरांची चूक होणारच नाही, आपलीच असेल." आर्वो म्हणाला, "वाच बघू." तिने एकेक आकडा वाचला. एक सात दोन, नऊ चार सात, पाच दोन नऊ. सतरा कोटी एकोणतीस लाख सत्तेचाळीस हजार पाचशे एकोणतीस. संख्या बरोबर होती. दगडावर वर त्याच्या बायकोचं, लेम्पीचं नाव, खाली दोन सालं, त्याखाली ही संख्या आणि तिच्या खाली एकच इंग्रजी शब्द यायचा होता: प्राइम. म्हणजे मूळ, जिला एक आणि ती स्वतः सोडून कुणाचाच भाग जात नाही अशी. "मग त्या शब्दाचं काय करू सर? साचा कापून ठेवलाय. बाबा उद्या सकाळी कोरायला घेणार. चारपर्यंत सांगाल ना? एकदा दगडावर गेलं की मग..." आर्वो म्हणाला, "सांगतो." त्याने फोन ठेवला आणि अंडं बशीत ठेवून दिलं.

त्याने विजेच्या बिलाचं पाकीट उलटं केलं आणि भागाकार मांडला. त्र्याऐंशीव्या वर्षी हात थरथरायचा, पण भागाकार करताना थरथरत नसे. तीनशे सात पंचे पंधराशे पस्तीस. वरून एकेक आकडा उतरत गेला, पाच, सहा, तीन, तीन, चार, सात, आणि खाली शून्य उरलं. निःशेष. इतका सरळ, इतका आज्ञाधारक भागाकार, की शाळेतल्या पोरानेही केला असता. खिडकीबाहेरचं समुद्राएवढं तळं आज नव्हतंच. सकाळपासून धुकं डोंगर चढून घरापर्यंत आलं होतं आणि खालच्या बंदरात लोहखनिज वाहणारं एक जहाज दर मिनिटाला भोंगा देत होतं. मार्चमध्ये लेम्पी गेल्यापासून घरातले आवाज फार स्पष्ट झाले होते, फ्रिजचा, नळाचा, आपल्याच चपलेचा. आता मात्र भोंगा सोडून काही ऐकू येईना. त्याला वाटलं, आपण एका घरात एकोणसाठ वर्षं राहिलो आणि आज कुणीतरी सहज भिंतीला टेकलं तर तिथे दार निघालं. त्याला राग आला नाही. नुसतं हलकं, बधिर वाटलं, जोराचा ताप उतरल्यावर वाटतं तसं.

एकोणीसशे पासष्टची जानेवारी. कॉलेजात गुरुवारी सकाळी गणितवाल्यांचं एक टेबल जमायचं. त्या टेबलाचा एक खेळ होता. प्रत्येकाने एक संख्या आणायची आणि बाकीच्यांनी ती फोडायची. फुटली नाही तर ती आणणाऱ्याला दत्तक, आणि बदल्यात त्याने सगळ्यांना वेलदोड्याचा पाव खाऊ घालायचा. फोडायची रीतही ठरलेली. कॉलेजच्या डायरीच्या शेवटच्या पानावर मूळ संख्यांचा तक्ता छापलेला असे, दोनपासून दोनशे त्र्याण्णवपर्यंत, एकूण बासष्ट. पान तिथे संपत होतं म्हणून तक्ताही तिथे संपत होता, दुसरं काही कारण नाही. त्या बासष्टांनी भागून पाहायचं. टिकली, तर मग तिला जुना प्रसिद्ध प्रश्न विचारायचा. एकापासून सुरुवात करून दोनाने गुणत जायचं, संख्येहून एक कमी इतक्या वेळा, आणि दर वेळी त्याच संख्येने भागून उरेल तेवढंच हातात ठेवायचं. शेवटी बाकी एक उरली, की संख्या मूळ. मग खात्रीसाठी हेच तीनाने, पाचाने, साताने. जवळच्या वाटा घेऊनही त्यात अख्खी दुपार जायची, आणि ती दुपार जायची यंत्रखोलीतल्या लेम्पी निएमीची. खडखडणाऱ्या गणकयंत्रावर तिची बोटं अशी चालायची की आर्वो आकडे सांगायच्या ऐवजी बोटंच पाहत बसे. "सर, पुढचा आकडा सांगताय की पुढच्या गुरुवारी येऊ?" ती विचारायची. प्रोफेसर म्हणवणाऱ्यांना लाजवील अशी तिची नजर होती, पण तिला टेबलावर कुणी बसवलं नव्हतं. बसवायचं असतं हे कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं, आर्वोच्यासुद्धा.

त्या जानेवारीत तिनेच एक चिठ्ठी त्याच्यापुढे सरकवली होती. "ही घ्या माझी. बघा फुटते का." बासष्टांपैकी एकाचाही भाग जाईना. दोनाने विचारलं, बाकी एक. तीनाने, बाकी एक. पाचाने, साताने, बाकी एक. शेवटचा एक तिने यंत्राच्या खिडकीतून वाचला तेव्हा बाहेर अंधारून आलं होतं, वाफेच्या नळ्या गुरगुरत होत्या आणि आर्वोचा स्वतःवरचा ताबा सुटला. तो म्हणाला, "हिला कुणी तोडू शकणार नाही, लेम्पी. आपलंही असंच होऊ दे. लग्न करशील माझ्याशी?" लेम्पीने बोलायला तोंड उघडलं. मग मिटलं. मग इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं, आणि म्हणाली, "बरं." ते उघडून मिटलेलं तोंड त्याने आयुष्यभर लाजणं म्हणून जपून ठेवलं होतं.

बारा जूनला लग्न झालं, आणि दर बारा जूनला एक रीत पडली. तक्त्यातली पुढची मूळ संख्या घ्यायची आणि त्या आकड्याने लेम्पीच्या संख्येला तोच प्रश्न विचारायचा. पहिल्या वर्षी अकराने, दुसऱ्या वर्षी तेराने. कॉलेजने ते यंत्र भंगारात काढलं तेव्हा आर्वोने ते घरी आणलं, तळघरात ठेवलं तर लेम्पी म्हणाली, "माझ्या सवतीला तळघरात नको, इथे जेवणघरात ठेव." आर्वो आकडे सांगायचा, ती कळा दाबायची, शेवटी ती वाचायची, "बाकी एक," आणि मग कॉफी आणि पाव. पुढे एका सेकंदात संख्या फोडणारी यंत्रं आली, पण ही संख्या त्यांच्यात घालायची नाही असं त्याने ठरवून टाकलं होतं. आपल्या बायकोमागे कुणी गुप्तहेर लावतं का? वर्गातल्या मुलांना तो दरवर्षी शिकवायचाच की अशाही काही संख्या असतात, बहुरूपी, ज्या मूळ नसून मुळासारख्या वागतात, स्वतःचे अवयव सोडून काहीही विचारा, बाकी एकच देतात. फार विरळा असतात, असं सांगून तो फळा पुसायचा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. लेम्पी मात्र पाव कापता कापता म्हणायची, "एकोणसाठावं येऊ दे, मग बघ गंमत." तो म्हणायचा, "एकोणसाठाव्याला काय आहे? माणसं पन्नासावं म्हणतात, साठावं म्हणतात." ती म्हणायची, "गणिताचा माणूस तू, तूच बघ." त्याने कधी पाहिलं नाही. बायकांच्या बोलण्यातली ती एक लकब, असं धरून चालला.

आता पाकिटाच्या कोऱ्या कडेवर त्याने मोजलं. सुरुवातीला चार, मग दर वर्षी एक. गेल्या जूनला अठ्ठावन्नावं, म्हणजे बासष्टावी मूळ संख्या, दोनशे त्र्याण्णव. तिची बोटं तोवर वाकडी झाली होती, कळा त्यानेच दाबल्या आणि तिने नुसतं वाचलं. येत्या बारा तारखेला त्रेसष्टावी आली असती. तीनशे सात. आणि तीनशे सात तर त्या संख्येच्या पोटातच होती. तीनशे सातने विचारलं असतं तर काही केल्या बाकी एक आली नसती. त्या दिवशी, पावाच्या आधी, सगळं उघडं पडलं असतं. लेम्पी वाट पाहत होती. पंचाऐंशी दिवस कमी पडले. आर्वोने पेन्सिल खाली ठेवली आणि डोळे मिटले, तरी आकडे हलत राहिले. तीनशे सात, सहाशे तेरा, नऊशे एकोणीस. प्रत्येकातून एक काढला की तीनशे सहा, सहाशे बारा, नऊशे अठरा. एक पाऊल, दोन पावलं, तीन पावलं. आणि संख्येतूनच एक काढला तर जे उरतं त्याला या तिघांचाही भाग जातो. बहुरूपी घडवायची तीच तर किल्ली. हे आपोआप होत नाही. कुणीतरी बसून, तक्ता जिथे संपतो त्याच्या बरोबर पुढचं पाऊल निवडून, ही संख्या विणली होती. टेबलावर जागा नसलेल्या पंचवीस वर्षांच्या मुलीने त्या टेबलाची सगळी रीत ऐकून, तिच्यातलं भोक हेरून, त्या भोकाच्या मापाची संख्या केली होती. गंमत म्हणून. भाग जातो म्हणून ओरडायला ती टपून बसली होती, आणि तेवढ्यात या शहाण्याने लग्नाचं विचारलं. त्याला हसू आलं. रिकाम्या स्वयंपाकघरात तो मोठ्याने हसला आणि लगेच गप्प झाला.

कारण त्याला एक हिवाळा आठवला. नीट सांगायचं तर तो आठवला नाही, धुक्यातून आपणहून जवळ आला. एकोणीसशे सत्तर. लेम्पीला आठवा महिना होता आणि ती हिबिंगला बहिणीकडे, आउनेकडे, चार दिवस गेली होती. बर्फाचं वादळ आलं, रस्ते बंद झाले, आणि वादळातच तिला तिथल्या दवाखान्यात न्यावं लागलं. आर्वो दुसऱ्या दिवशी दुपारी पोचला. बाळ रडलंच नव्हतं. मुलगी होती. डॉक्टरने त्याला बाजूला घेतलं, खांद्यावर हात ठेवला, एका कागदावर सही घेतली आणि म्हणाला, विषय काढू नका, बायका विसरतात, दुसरं होईल. दुसरं झालं नाही. आर्वोने ते वाक्य एखाद्या सिद्धतेसारखं उचललं. विषय काढला नाही. गाडीतून परत येताना त्याने विचारलं, "बरी आहेस ना?" ती म्हणाली, "बरी आहे." पुढे दर सकाळी विचारलं, वेगवेगळ्या रीतींनी. झोप लागली का? जेवलीस का? फिरायला जाऊ या का? बरी आहे, जेवले, जाऊ या. तो काहीही विचारो, उत्तर तेच यायचं, आणि तो निर्धास्त व्हायचा.

आणि स्वतः तो काय करत होता त्या हिवाळ्यात? चारने भागल्यावर एक उरेल अशी मूळ संख्या नेहमी दोन वर्गांची बेरीज असते. तेरा म्हणजे चार आणि नऊ, एकोणतीस म्हणजे चार आणि पंचवीस. त्यांच्या संख्येलाही चारने भागल्यावर एक उरत होता. तेव्हा तिच्यातले ते दोन वर्ग शोधायचे, असं त्याच्या मनाने घेतलं. रोज जेवण झालं की खोलीचं दार लावून तो बसायचा. एकेक वर्ग वजा करायचा आणि उरेल तो वर्ग आहे का पाहायचं, नऊ हजारांहून अधिक वेळा. पलीकडे स्वयंपाकघरात लेम्पी बशा धुवायची, एकच बशी पुष्कळ वेळ धुवायची, पाण्याचा आवाज यायचा आणि तो पुढचा वर्ग वजा करायचा. एप्रिलमध्ये संख्या संपल्या. वर्ग सापडले नाहीत. एक तर आपला हिशेब कुठेतरी चुकला, नाहीतर संख्या मूळ नाही. या दोहोंपलीकडे तिसरं काही असूच शकत नव्हतं. त्याने हिशेब चुकला असं म्हटलं, सगळे कागद शेगडीत घातले आणि पुन्हा कधी त्या वाटेला गेला नाही. म्हणजे डार्लाने आज काही नवं सांगितलंच नव्हतं. चोपन्न वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये त्याला ते कळलं होतं, आणि त्याच एप्रिलमध्ये त्याला हेही कळलं होतं की बायको बरी नाही. दोन्ही गोष्टी त्याने एकाच शेगडीत घातल्या होत्या. आर्वोला स्वतःची लाज वाटली, अगदी साधी, कानशिलं तापवणारी लाज. क्षणभर त्याच्या मनात आलं, तीन अवयव, मी, ती आणि ते बाळ. पण तोही लबाड विचार होता. संख्या पासष्टची, मूल सत्तरचं. संख्येला भविष्य कळत नसतं. तिने आयुष्यभर खरी उत्तरं दिली होती. तिला चुकीचे प्रश्न विचारले गेले, एवढंच.

घड्याळात अडीच वाजले होते. त्याने हिबिंगला फोन लावला. आउनेने नव्वदी ओलांडली होती आणि फोन कानाला लावण्याआधीच बोलायला सुरुवात करायची तिची सवय काही गेली नव्हती.

"...कोण, आर्वो? जिवंत आहेस होय? मला वाटलं जहाजावर चढून गेलास कुठे."

"आउने, ती संख्या. लेम्पीची."

"फुटली का?" आउनेने विचारलं, आणि तिचा आवाज एकदम पोरीसारखा झाला. "अरे देवा, फुटली! आख्ख्या घराला माहीत होतं रे. बाबांना तिने लग्नाच्या आदल्या दिवशी सांगितलं, तर ते काय म्हणाले ठाऊक आहे? म्हणाले, गणिताचा प्रोफेसर जावई केला आणि त्याला तीनशेच्या पुढे मोजता येत नाही."

आर्वो हसला. "मला सांगितलं का नाही तिने?"

"सांगणार होती. पण तू असा काही खूश होऊन बसला होतास, की तिच्या जिवावर आलं. मग म्हणाली, एकोणसाठ वर्षांनी आपणहून कळेलच. हट्टी होती. आमच्यात तीच शहाणी आणि तीच हट्टी."

पलीकडे कपात चमचा फिरल्याचा आवाज आला. आर्वोने फोन दुसऱ्या हातात घेतला. आता जे विचारायचं होतं त्याला कुठली रीत नव्हती, तक्ता नव्हता.

"आउने, लेम्पीने त्या बाळाचं नाव ठेवलं होतं का?"

चमचा थांबला.

"चोपन्न वर्षं लागली तुला," आउने म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. "ताइमी. आमच्या आजीचं नाव. त्याच रात्री ठेवलं, मी होते तिथे. नर्स बाळ दाखवत नव्हती, मी भांडून आणलं. दोन मिनिटं तिच्या हातात दिलं."

"मला वाटलं, तिने पाहिलंसुद्धा नाही."

"तुला काय काय वाटायचं रे! दर फेब्रुवारीत ती बसने माझ्याकडे यायची, ती काय माझी कॉफी प्यायला? एवढी वाईट कॉफी करते मी. दोघी जायचो दफनभूमीत, बर्फ उकरायचो. लाकडी क्रूस होता तो कुजला. मी म्हटलं, दगड घालू या, तर म्हणाली, थांब. आर्वोने विचारलं की घालू."

"मी तिला दुखवायचं नाही म्हणून..."

"ठाऊक आहे. तिलाही ठाऊक होतं. म्हणून तर बरी आहे म्हणायची. एक वेडा आणि एक वेडी. रडतोयस का?"

"हो."

"रड. मी धरते फोन," आउने म्हणाली, आणि तिने खरंच धरला. मध्येच एकदा तिने नाक शिंकरलं आणि एकदा दारात आलेल्या मांजराला शिवी दिली.

नंतर आर्वोने तोंड धुतलं. धुकं थोडं पातळ झालं होतं, समोरच्या घराचं छप्पर दिसायला लागलं होतं. त्याने ते नाव एकदा नळाखाली, पाण्याच्या आवाजात म्हणून पाहिलं, मग नळ बंद करून पुन्हा म्हटलं. दुसऱ्या खेपेला ते घरात ऐकू आलं. चार वाजायला दहा मिनिटं असताना त्याने डार्लाला फोन केला.

"बोला सर. संख्या बदलायची का?"

"नाही. संख्या बरोबर आहे. मी तिच्याबद्दल म्हणत होतो ते चुकीचं होतं. खालचा शब्द काढून टाक."

"मग ती जागा मोकळी ठेवू?"

"नाव घाल. ताइमी." त्याने एकेक अक्षर सांगितलं, आणि तिने ते उलट वाचून दाखवलं, तिच्या बाबांच्या नियमाप्रमाणे दोनदा.

"इंग्रजी अक्षरं पाचच आहेत, 'प्राइम'ची होती तेवढीच, त्याच मापात बसतील. साचा आत्ता कापते." मग ती जराशी अडखळली. "बाबा विचारतील सर, कोण म्हणून सांगू?"

"आमची मुलगी," आर्वो म्हणाला. हे दोन शब्द त्याने आजवर कुणाहीसमोर उच्चारले नव्हते.

हळू आवाजात, पण कामाच्या माणसासारखं, डार्लाने विचारलं, "तारखा घालायच्या ना?"

"सोळा फेब्रुवारी एकोणीसशे सत्तर."

"ही जन्माची. आणि दुसरी?"

"दुसरी नाही," आर्वो म्हणाला. "एकच आहे."